खिडकीचा पडदा निवडताना

'पडदा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो फारसी भाषेतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदाही तुम्ही पाहिला असेल. आता पुष्कळ घरांत आणि कचेऱ्यांत खिडकीला आडव्या पट्ट्यांचा पडदा दिसतो. त्याला ब्लाइंड म्हणतात. त्याच्या पट्ट्या लाकडाच्या वाटतात. पण अनेकदा त्या नकली लाकडाच्या असतात. असा पडदा घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे? त्यासाठी आधी त्याची रचना समजून घेऊ.

या पट्ट्या साधारणपणे २५ किंवा ५० मिलिमीटर रुंद असतात. त्या दोऱ्यांच्या बारीक शिड्यांवर ओळीने बसवलेल्या असतात. बाजूची दांडी फिरवली की सर्व पट्ट्या एकदम कलतात. कापडी पडदा सरकवला तर खिडकी उघडी पडते आणि ओढला तर उजेड जातो. पट्ट्या मात्र थोड्या कलत्या ठेवता येतात. मग खोलीत उजेड आणि वारा येतो, पण समोरच्या इमारतीतून आतले सहज दिसत नाही. दाट वस्तीतील घरांना हा मोठा फायदा आहे.

खरे लाकूड दमट हवेतील पाणी शोषते. त्यामुळे ते फुगते आणि वाकडे होते. त्याला वाळवीही लागू शकते. नकली लाकडाची पट्टी बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकची असते. काही पट्ट्यांत लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र केलेले असते. वर लाकडाचा रंग आणि रेषा उमटवलेल्या असतात. पीव्हीसी पाणी शोषत नाही. म्हणून मुंबई, रत्नागिरी यांसारख्या दमट हवेच्या ठिकाणी किंवा स्वयंपाकघरात ते सोयीचे ठरते. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने ते पुसता येते. खऱ्या लाकडापेक्षा ते स्वस्तही असते.

पण त्याचे दोषही लक्षात घ्या. या पट्ट्या लाकडापेक्षा सहसा जड असतात. खिडकी फार रुंद असेल तर पट्ट्या मध्ये वाकू शकतात आणि पडदा वर ओढणे अवघड जाते. म्हणून रुंद खिडकीला एका मोठ्या पडद्याऐवजी दोन लहान पडदे लावावेत. पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसला मऊ होते. ते गॅसच्या शेगडीजवळ लावू नये. पश्चिमेच्या खिडकीत दुपारचे कडक ऊन येते. तेथे गडद रंगाची पट्टी जास्त तापते. म्हणून फिका रंग घ्यावा.

उन्हापासून बचाव हाच मुख्य हेतू असेल, तर आणखी विचार करा. हा पडदा काचेच्या आत असतो. ऊन काचेतून आत येते, पट्ट्या तापतात आणि बरीचशी उष्णता खोलीतच राहते. चिकाचा पडदा खिडकीबाहेर टांगला तर ऊन बाहेरच अडते. त्यावर पाणी शिंपडले तर येणारा वाराही थंड होतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हा जुना, साधा उपाय अधिक उपयोगी पडतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे सुरक्षितता. पडदा वर ओढण्याची दोरी खाली लोंबत असेल, तर ती लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते. अशा अपघातांत मुलांचे प्राण गेले आहेत. अमेरिकेत २०१८ च्या अखेरीस नवा नियम आला. त्यानुसार तयार मिळणारे पडदे बिनदोरीचे असावेत किंवा दोरी मुलाच्या हाती लागू नये, असे ठरले. आपणही शक्यतो बिनदोरीचा पडदा मागावा. दोरी असेल तर ती उंचावर हुकाला गुंडाळून ठेवावी आणि पाळणा किंवा पलंग खिडकीजवळ ठेवू नये.

दुसरा धोका शिशाचा आहे. १९९६ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने परदेशातून आलेल्या काही प्लास्टिक पडद्यांबाबत इशारा दिला होता. त्या प्लास्टिकमध्ये शिसे मिसळलेले होते. उन्हाने प्लास्टिक झिजले की शिशाची धूळ पट्टीवर जमत असे. शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून पट्टी शिसेविरहित आहे का, हे दुकानदाराला विचारावे आणि तसे पाकिटावर लिहिलेले पाहावे.

शेवटी मोजमाप. पडदा चौकटीच्या आत बसवायचा असेल, तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. समजा, १२० सेंटिमीटर, ११९.६ सेंटिमीटर आणि ११९.८ सेंटिमीटर अशी मापे आली. तर सर्वांत लहान माप, म्हणजे ११९.६ सेंटिमीटर, धरा. मोठे माप धरले तर पडदा अडकेल. खिडकीची दारे आत उघडतात की बाहेर, हेही पाहा. आत उघडत असतील तर पट्ट्या त्यांच्या आड येतील.

तुमच्या घरी पडदा घ्यायचा ठरला, तर अम्मी-अब्बांना तुम्ही मदत करू शकाल. खिडकी कोणत्या दिशेला आहे, खोलीत लहान मूल आहे का आणि पडद्याचे मुख्य काम काय, हे आधी कागदावर लिहा. रंग आणि रेषा मागाहून पाहा. दुकानात प्रथम डोळ्यांत भरतो तो रंग; पण घरी रोज उपयोगी पडतात ते पडद्याचे गुण.