मुलींच्या लग्नाचं वय २१ झालेलं नाही

कौटुंबिक खटले चालवणाऱ्या वकिलांकडे मी इंटर्नशिप करते. काम ठरलेलं: संसदेत कोणतं विधेयक आलं, कुठे अडकलं, राजपत्रात काय छापून आलं, ते रोज वहीत टिपायचं. आणि जवळपास रोज कुणीतरी विचारतं, "मुलींचं वय आता २१ केलंय ना?"

नाही केलेलं. ते १८च आहे.

परवा एक वडील हेच धरून आले. मुलगी १९ वर्षांची, तिने मर्जीने लग्न नोंदवलेलं. "कायदा बदललाय, लग्न रद्द करून द्या," म्हणाले. त्यांना वहीच दाखवली. डिसेंबर २०२१मध्ये मंत्रिमंडळाने प्रस्ताव मंजूर केला. २१ डिसेंबरला बालविवाह प्रतिबंधक (सुधारणा) विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि तिथून स्थायी समितीकडे गेलं. ते मतदानाला कधी आलंच नाही. जून २०२४मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि संविधानाच्या अनुच्छेद १०७(५)नुसार विधेयक व्यपगत झालं, म्हणजे बारगळलं. ते संमत झालं असतं, तरी वयाचा बदल राष्ट्रपतींच्या संमतीनंतर दोन वर्षांनी लागू व्हायचा होता. तसं विधेयकातच लिहिलेलं होतं.

मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे कायदा नव्हे. दोन्ही सभागृहं, राष्ट्रपतींची सही, राजपत्र, अंमलाची तारीख, एवढा रस्ता पुढे उरतोच. पण लोक पहिल्या दिवशीची बातमी वाचतात आणि तिच्या जोरावर सज्ञान मुलीला घरी डांबायला निघतात. याचा मला खरंच संताप येतो. शिवाय १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्नसुद्धा सरसकट आपोआप रद्द होत नाही. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३नुसार ते रद्द करून मागण्याचा हक्क तेव्हा अल्पवयीन असलेल्या जोडीदाराचा असतो. वडिलांच्या रागाला तिथे जागा नाही.

"हिमाचलमध्ये २१ केलंय," असंही ऐकते. तिथल्या विधानसभेने ऑगस्ट २०२४मध्ये विधेयक संमत केलं, पण ते त्या राज्यापुरतं. महाराष्ट्राचा त्याच्याशी संबंध नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. परस्परसंमतीच्या घटस्फोटात अर्जानंतरचे सहा महिने टळतच नाहीत, हे चूक; सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये अमरदीप सिंग खटल्यात योग्य प्रकरणी ती मुदत माफ करता येते असं सांगितलं. "संसार पार मोडलाय" एवढ्यावर कौटुंबिक न्यायालय हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट देऊ शकत नाही. अनुच्छेद १४२चा तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. समान नागरी कायदा देशभर आलेला नाही; तो आला उत्तराखंडात, आणि तिथेही फेब्रुवारी २०२४मध्ये संमत झालेला कायदा लागू झाला २७ जानेवारी २०२५ला.

आणि "१२५ रद्द झालं, आता पोटगी मिळत नाही" असं ज्या बायकांना सासरी सांगितलं जातं, त्यांच्यासाठी: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५मधली पोटगीची तीच तरतूद १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४मध्ये आहे. अर्ज करा.