दोन धातूंची सोयरीक

नागपूरहून आगगाडीने पूर्वेकडे निघालेला प्रवासी गोंदिया, राजनांदगाव आणि दुर्ग ही स्थानके मागे टाकून भिलाईला पोहोचतो. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याच छत्तीसगडात, कोरबा येथे ॲल्युमिनियमचा कारखाना आहे. तो चालविणाऱ्या भारत ॲल्युमिनियम कंपनीची स्थापना १९६५ सालची. पोलाद बळकट, पण जड. ॲल्युमिनियम त्याच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचे. विमान बांधणाऱ्याला दोन्ही हवे असतात. पंखांचा पत्रा ॲल्युमिनियमचा, तर एंजिनाचा सांगाडा, बिजागऱ्या आणि बोल्ट पोलादाचे. मात्र ही सोयरीक निष्काळजीपणे जुळविली, तर तिच्यात एका पक्षाचा घात ठरलेला असतो.

तो कसा होतो, हे समजण्यास एक जुनी हकीकत उपयोगी पडेल. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ ह्या युद्धनौकेच्या लाकडी तळावर तांब्याचा पत्रा ठोकला. पुढे पाहणी केली, तेव्हा तांबे शाबूत होते. परंतु ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे झिजून गेले होते. मात्र काही खिळ्यांच्या डोक्याखाली वेष्टनाचा तपकिरी कागद अडकून राहिला होता. ते खिळे बरेचसे टिकले होते. दोन धातूंमध्ये कागदाचा एक पापुद्रा आला आणि विनाश टळला!

ह्यामागील कारण साधे आहे. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर मिळून ओलावा साचला, की त्यांची एक लहानशी विद्युत्‌घटमाला तयार होते. तिच्यात एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. तांबे आणि लोखंड यांत लोखंड झिजते. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांत बहुधा ॲल्युमिनियमचा बळी जातो. एरवी ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचे पातळ कवच असते. पण मीठ ते कवच फोडते. म्हणून भिलाईच्या हवेपेक्षा मुंबईची खारी हवा अधिक घातक.

आणि मुंबईत तर घरच्या घरी विमान बांधले गेले आहे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. मोठ्या कारखान्यात एकाचे काम दुसरा तपासतो. घरी विमान बांधणाऱ्याला पुष्कळदा स्वतःचाच तपासनीस व्हावे लागते, आणि पुढे त्याच विमानात तो स्वतः बसतो.

तेव्हा त्याने करावे काय? पहिला उपाय मुलाम्याचा. विमानाच्या पोलादी बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा देण्याची जुनी प्रथा आहे. कारण कॅडमियम आणि ॲल्युमिनियम यांचे चांगले जमते. मात्र कॅडमियम विषारी आहे. असा बोल्ट घासू नये, तापवू नये. दुसरा उपाय अस्तराचा. पूर्वी झिंक क्रोमेटचा पिवळट-हिरवा अस्तररंग सर्रास वापरीत. तो आरोग्यास अपायकारक ठरल्यामुळे आता इपॉक्सी अस्तराला पसंती मिळते. अस्तर किंवा लांबी ओली असतानाच बोल्ट बसवावा, म्हणजे फटीत पाण्याला जागा उरत नाही. शिवाय पाणी वाहून जाण्यासाठी तळाशी भोके ठेवावीत.

येथे एक चूक सहज घडते. झिजणारा धातू ॲल्युमिनियम. मग केवळ त्यालाच रंग दिला की झाले, असे वाटते. परंतु त्या रंगावर एखादा ओरखडा पडला, तर उघड्या पोलादाचा सारा मारा त्या एवढ्याशा जागेवर एकवटतो आणि पत्र्याला खोल खड्डा पडतो. म्हणून रंग दोघांनाही द्यावा. आणि एकालाच देणे शक्य असेल, तर पोलादाला द्यावा. ह्याच न्यायाने मोठ्या ॲल्युमिनियम पत्र्यातील लहान पोलादी बोल्ट फारसा अपाय करीत नाही. पण मोठ्या पोलादी पत्र्यातील ॲल्युमिनियमचा रिव्हेट लवकर नष्ट होतो.

आणखी दोन पथ्ये. ॲल्युमिनियमवर शिसपेन्सिलीने रेघ ओढू नये. पेन्सिलीतील ग्रॅफाइट पोलादाहूनही वाईट सोबती, आणि त्या रेघेवरच पत्रा खाल्ला जातो. तसेच तो पोलादी तारांच्या घासणीने घासू नये. तिचे कण पत्र्यात रुतून बसतात.

सांध्याच्या कडेला पांढरी भुकटी दिसू लागली किंवा रंगाला फुगवटा आला, तर झीज सुरू झाली आहे, हे ओळखावे. तथापि, भुकटी बाहेर दिसेपर्यंत आत किती पत्रा उरला आहे, हे सांधा उकलल्यावाचून कळत नाही. आणि रिव्हेट मारलेला सांधा उकलणे म्हणजे अर्धे काम पुन्हा करणे. म्हणूनच हे सारे उपाय सांधा जुळविण्याच्या दिवशीच योजले पाहिजेत. त्या दिवशी अस्तराचा एक हात देण्यास थोडाच वेळ लागतो; पुढे हवेत असताना त्या सांध्याकडे पाहणेही शक्य नसते.