टायमिंग बेल्ट
टायमिंग बेल्ट हा मोटारीच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा होय. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते व दट्ट्याच्या चालीनुसार झडपा उघडतात-मिटतात. पट्टा एक दात जरी घसरला तरी हा मेळ बिघडतो. इंजिन थरथरते, ओढ घटते. स्पार्क प्लगच्या दोषातही हेच दिसत असल्याने आवरण काढून पुल्यांवरील खुणा पाहणे हाच खात्रीचा मार्ग. मेळ फार चुकल्यास अनेक इंजिनांत दट्ट्या उघड्या झडपांवर आदळून त्या वाकतात; म्हणून शंका येताच इंजिन पुन्हा सुरू करू नये. नवा पट्टा खुणा जुळवून बसवतात, सहसा टेन्शनरही बदलतात. नंतर क्रँकशाफ्ट पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासतात. मध्येच अडल्यास जोर लावू नये.