चौसष्ट घरं आणि एक तार

बालमित्रांनो, सेवाग्रामच्या आश्रमात तुमच्यापैकी पुष्कळांची सहल गेली असेल. बापूकुटी पाहिली, चरखा पाहिला, झाडाखाली बसून डबा खाल्ला. पण तिथे जपून ठेवलेला जुना टेलिफोन कुणाच्या लक्षात आहे का?

गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. लहानसं खेडं. पण देशाचा कारभार पाहणाऱ्या व्हाइसरॉयना गांधीजींशी बोलायची वेळ वरचेवर यायची. म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तिथे टेलिफोन बसवून घेतला. खेड्यात तार आली, कारण तिथे एक फार मोठा माणूस राहत होता. बाकीच्यांनी मात्र पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची.

आज ती तार घराघरांत आली आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तर ती दिसतही नाही. त्यामुळे काय बदललं? मोठमोठ्या गोष्टी सोडून देऊ. बुद्धिबळाचा एक पट घेऊ आणि त्यावरच बघू.

समजा, आर्वीच्या एका मुलाला रशियातल्या मुलाशी बुद्धिबळ खेळायचंय. पूर्वी त्याला एकच मार्ग होता, टपाली बुद्धिबळ. कार्डावर आपली खेळी लिहायची आणि पेटीत टाकायची. हो, खरंच असं खेळत! आता हिशोब करा. दोघांच्या मिळून ८० खेळ्या झाल्या आणि प्रत्येक कार्डाला दहा दिवस लागले, तर ८०० दिवस. म्हणजे सातवीत मांडलेला डाव नववीत संपणार!

तारायंत्र आणि रेडिओ आल्यावर हे अंतर कमी झालं. सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात रेडिओवरून सामना झाला. एक संघ न्यूयॉर्कमध्ये, दुसरा मॉस्कोत. सोव्हिएत संघ १५½–४½ असा जिंकला. पण अशी सोय देशाच्या संघाला मिळायची. तुमच्या-आमच्यासारख्यांना कोण रेडिओ यंत्रणा देणार?

१९९२ मध्ये इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायची सोय झाली. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं, तेही आधी मोठ्या शहरांत. मग १९९९ साली एक मजेदार डाव झाला. एका बाजूला जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि दुसऱ्या बाजूला सगळं जग! ७५ पेक्षा जास्त देशांतले ५० हजारांहून अधिक लोक त्यात उतरले. प्रत्येक खेळीसाठी एक दिवस. लोक मत द्यायचे आणि जिला जास्त मतं ती जगाची खेळी. त्यांना सल्ला द्यायला चार तरुण खेळाडू होते. त्यांच्यातली इरिना क्रश अवघी पंधरा वर्षांची. तिने सुचवलेल्या दहाव्या खेळीने कास्पारोव्हलाही विचारात पाडलं. डाव चार महिने रंगला. शेवटी शेवटी, ५८व्या खेळीच्या वेळी, इरिनाचा सल्ला मतदारांपर्यंत वेळेवर पोचलाच नाही. जगाने वेगळी खेळी निवडली, आणि ६२व्या खेळीला कास्पारोव्ह जिंकला. हजारो डोकी एकत्र आली, पण एक निरोप अडकला!

हा अडकलेला निरोप लक्षात ठेवा. एकवीस वर्षांनी तो पुन्हा भेटणार आहे, आणि तोही आपल्या शेजारी, नागपुरात.

वर्ष २०२०. कोरोनामुळे शाळा बंद, स्पर्धा बंद. देशोदेशीचे संघ ज्यात भाग घेतात ते बुद्धिबळ ऑलिंपियाडही भरवता येईना. तेव्हा जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे 'फिडे'ने, ते इंटरनेटवर भरवलं. १६३ संघ! प्रत्येक संघात सहा पट, त्यातला एक वीस वर्षांखालच्या मुलासाठी आणि एक मुलीसाठी. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. सोबत विश्वनाथन आनंद, कोनेरू हम्पी, हरिका द्रोणवल्ली असे दिग्गज. आणि मुलींच्या पटावर खेळणाऱ्यांमध्ये होती नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख. वर्ध्याहून नागपूर ते केवढंसं दूर! सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी येतो आपण. तिथली एक मुलगी थेट जगाशी खेळत होती.

इथे घड्याळाची गोष्ट समजून घ्या. प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर खेळीला ५ सेकंद जादा. तुम्ही खेळी केली की ती दूरच्या एका संगणकाकडे जाते. तो ती समोरच्याला दाखवतो आणि त्याचं घड्याळ सुरू करतो. पण त्या संगणकाला तुमचं घर दिसत नाही. तुमच्याकडून काहीच आलं नाही, तर तुम्ही विचारात गढलाय की वीज गेलीये, हे त्याला कसं कळणार? तो वेळ मोजत राहतो. वेळ संपली की डाव हरलात. आणि नियम असा होता की ज्याचं इंटरनेट त्याची जबाबदारी.

२८ ऑगस्टला भारत विरुद्ध आर्मेनिया. आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानचा आपल्या निहाल सरिनशी डाव चालू असताना संपर्क तुटला. वेळ संपली आणि डाव निहालला मिळाला. आर्मेनियाने तक्रार केली. ती फेटाळली गेली, तेव्हा त्यांचा संघ दुसऱ्या फेरीला बसलाच नाही. भारत पुढे गेला.

आणि ३० ऑगस्टला अंतिम सामना, भारत विरुद्ध रशिया. पहिली फेरी ३–३. दुसऱ्या फेरीत दिव्याचा डाव रंगात आला होता, तिची बाजू वरचढ होती. आणि संपर्क तुटला! निहालचंही तेच झालं. पटावर सोंगट्या जागच्या जागी, पण खेळी पुढे जाईना. घड्याळ मात्र थांबलं नाही. दोघंही वेळेवर हरले आणि रशिया विजयी ठरला.

विचार करा, तुम्ही दिव्याच्या जागी असता तर? तुमची काहीच चूक नाही, आणि तुमच्यामुळे संघ हरला असं दिसतंय.

भारताने दाद मागितली. चौकशीत दिसलं की बिघाड एखाद्या घरातला नव्हता. त्या दिवशी जगात अनेक ठिकाणी इंटरनेट कोलमडलं होतं. मग फिडेच्या अध्यक्षांनी निर्णय दिला की सुवर्णपदक दोन्ही संघांना. हे अध्यक्ष, अर्कादी द्वोरकोविच, स्वतः रशियाचेच! नुसता नियम पुढे केला असता, तर सगळं सोनं त्यांच्याच देशाला मिळालं असतं.

आता एक अवघड प्रश्न. आर्मेनियाच्या हाइकचंही तसंच वाईट वाटलं असेल ना? त्याच्या डावात नियम आपल्या बाजूने होता, तेव्हा आपल्याला तो टोचला नाही. दोन दिवसांनी आपल्यावर आल्यावर टोचला. त्याला न्याय मिळाला का? घरी सगळ्यांनी मिळून यावर बोला. इंटरनेटने पट सगळ्यांसाठी सारखा केला, चौसष्ट घरं सगळ्यांना सारखीच. पण पटापर्यंत नेणारी तार सगळ्यांची सारखी नाही. आपल्याकडे भारनियमन काय असतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून खेळ कितीही यंत्रावर गेला, तरी न्याय माणसांनाच करावा लागतो.

जाता जाता एक गंमत. सामने काही क्षणांत खंड ओलांडत होते, पण पदकं कुरिअरने आली, आणि ती सोडवून घ्यायला उपकर्णधार श्रीनाथ नारायणन यांना सीमाशुल्क भरावं लागलं!

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. जुलै २०२५. जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला विश्वचषकाची अंतिम लढत. दिव्या आता एकोणीस वर्षांची. आणि समोर कोण? कोनेरू हम्पी! २०२०च्या संघात जिच्यासोबत ती खेळली, तीच आता प्रतिस्पर्धी. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांत दिव्या जिंकली आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. कालची सोबतीण आज समोर बसते, आणि उद्या पुन्हा देशासाठी शेजारी बसते. इंटरनेटच्या जगात हे रोजचंच आहे. ज्याच्याशी आज हरलात, त्यालाच विचारता येतं, "माझं कुठे चुकलं रे?" आणि तो सांगतोही.

आई-बाबांनो, ही दारं तुमच्या मुलांनाही उघडी आहेत. २०१० साली एका फ्रेंच तरुणाने सुरू केलेलं 'लिचेस' हे बुद्धिबळाचं ठिकाण आजही फुकट आहे, जाहिरातींशिवाय. ते लोकांच्या देणग्यांवर आणि जगभरच्या स्वयंसेवकांच्या मदतीवर चालतं. फक्त दोन गोष्टी घरात ठरवून घ्या. रोज किती वेळ खेळायचं ते आधी ठरवा. आणि डाव चालू असताना संगणकाला खेळी विचारायची नाही. ती सरळ सरळ लबाडी आहे, मग ती कुणी बघो न बघो.

मुलांनो, या रविवारी एक करा. लांबच्या कुणाशी तरी एक संथ डाव खेळा. समोर खरा पट मांडा. हरलात तर डाव लिहून काढा आणि कुठे घसरलात ते शोधा. आणि समोरच्याची लाइन मध्येच गेली तर? जिंकलो म्हणून नाचू नका. त्याला निरोप पाठवा, "चल, पुन्हा मांडू."