लपविणे सोपे, जपणे अवघड

गेल्या पाव शतकात जगभर पसरलेल्या एका खेळाची वार्ता मराठवाड्यात अद्याप फारशी पोहोचलेली नाही. त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग. एकाने एखादी डबी माळावर, टेकडीवर किंवा झाडाच्या बेचक्यात लपवावी, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करावेत, आणि दुसऱ्याने उपग्रहांचे संकेत टिपणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने ती शोधून काढून आतल्या वहीत आपले नाव व तारीख नोंदवावी, एवढाच हा खेळ. जगात आज अशी तीस लाखांहून अधिक ठिकाणे नोंदलेली आहेत. ज्या यंत्रासाठी एके काळी हजारो रुपये मोजावे लागत, ते आता बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशातील मोबाईलमध्येच असते. तेव्हा चाकूर, अहमदपूर किंवा उदगीर येथील महाविद्यालयीन तरुणांपर्यंत हा खेळ येण्यास फार काळ लागू नये. तो येण्यापूर्वीच त्याबरोबर येणाऱ्या जबाबदाऱ्यांचा विचार झालेला बरा.

या खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. अमेरिकेच्या उपग्रह यंत्रणेचे नागरी संकेत लष्करी कारणासाठी मुद्दाम अस्पष्ट ठेवले जात. अध्यक्ष क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी ही अस्पष्टता काढून टाकण्याची घोषणा केली आणि नागरिकांच्या हातातील यंत्रे एका रात्रीत सुमारे दहापट अचूक झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या संगणकतज्ज्ञाने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा ठावठिकाणा जाहीर केला. तीत वही, पेन्सिल, काही पुस्तके आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. आज त्या बादलीला मान्यता मिळाली नसती. कारण जमीन खोदून काही पुरणे आणि आत खाद्यपदार्थ ठेवणे या दोन्ही गोष्टी आता निषिद्ध आहेत. खाद्याच्या वासाने जनावरे डबा फोडतात आणि खोदण्याने जागेची नासाडी होते, हे अनुभवाने कळल्यावर हे नियम झाले.

साहित्य म्हणाल तर ते अगदी साधे आहे. डबा घट्ट झाकणाचा व पाणी आत न शिरणारा हवा. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. सोबत पेन्सिल असावी; ओल लागल्यावर शाई पसरते, पेन्सिलीचे अक्षर टिकते. शोधणाऱ्याने पाणी, टोपी, विजेरी आणि एक काठी जवळ बाळगावी. काठी चैनीची नव्हे, गरजेची वस्तू आहे. आपल्याकडे दगडांच्या सांदीत विंचू, घोणस किंवा फुरसे असू शकते. तेथे उघडा हात घालणे हे धाडस नसून अविचार आहे. शिवाय मोबाईलचा ठावठिकाणा मोकळ्या आकाशाखाली देखील काही मीटर इकडेतिकडे असतो. दाट झाडीत किंवा विहिरीत उतरल्यावर तो आणखी चुकतो. अखेरचा शोध डोळ्यांनीच घ्यावा लागतो. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. संकेत नुसते ग्रहण करणारे यंत्र वापरण्यास हरकत नाही. पण उपग्रहामार्फत संदेश पाठविणारे यंत्र आपल्या देशात परवान्यावाचून बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील विमानतळावर अशा यंत्रांमुळे परदेशी प्रवाशांना ताब्यात घेण्यात आले होते.

शोधणाऱ्याचे शिष्टाचार थोडक्यात सांगता येतात. डबी जशी सापडली तशीच, त्याच जागी परत ठेवावी. आतील एखादी छोटी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवावी. जागेचे गुपित फोडू नये. शेतातून जाणे असेल तर मालकाला विचारावे आणि उभे पीक तुडवू नये. वाटेत दिसलेला कचरा उचलून आणावा. या शेवटच्या प्रथेला खेळात २००२ पासून संघटित उपक्रमाचे रूप मिळाले आहे.

परंतु खरी कसोटी शोधणाऱ्याची नसून लपविणाऱ्याची असते. डबी ठेवणे हे अर्ध्या तासाचे काम. ती जपणे हे वर्षानुवर्षांचे. म्हणून सहलीला गेलेल्या माणसाने दूरच्या गावी डबी लपवून निघून येणे हे या खेळात सामान्यतः मान्य होत नाही. जिथे आपण पुन्हा सहज जाऊ शकतो, तिथेच ती ठेवावी. वही भिजल्याची किंवा डबी फुटल्याची नोंद कोणी केली तर मालकाने जाऊन दुरुस्ती करावयाची असते. तो गेला नाही तर ती डबी आधी तात्पुरती बंद ठरते आणि तरीही दखल घेतली नाही तर यादीतून कायमची जाते. त्यानंतरसुद्धा ती उचलून आणण्याचे कर्तव्य मालकाचेच राहते. न आणल्यास तो निव्वळ कचरा होय.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुना प्रश्न ओळखू यावा. जे सर्वांचे असते ते कोणाचेच नसते व म्हणून नष्ट होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात याला उत्तर दिले, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वापरणाऱ्यांनीच नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि चुकणाऱ्याला पायरीपायरीने दंड केला, तर सामाईक ठेवा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, असे त्यांनी दाखविले. रानातल्या बेवारस दिसणाऱ्या डबीला पहारेकरी नसतो. तरी ती टिकते, कारण प्रत्येक शोधणारा आपल्या नोंदीतून तिच्यावर लक्ष ठेवीत असतो आणि आधी तात्पुरती बंदी, मग कायमची, असा दंडही ठरलेला असतो.

आपल्याकडे नेमकी हीच बाजू दुबळी आहे. वृक्षारोपणाचे छायाचित्र निघते, रोपाला पाणी घालणारा माणूस नेमलेला नसतो. कोनशिला बसते, डागडुजीची तरतूद राहून जाते. मराठवाड्यातील बारवांची कहाणी याहून वेगळी नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी आणि हातपंप आले, ही मोठीच सोय झाली. पण बारवेचे पाणी उपसणे थांबले तसा तिचा गाळ काढणेही थांबले. पायऱ्यांवर झुडपे उगवली, कित्येक बारवा गावचा उकिरडा झाल्या. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या परिसराला ही बेफिकिरी शोभणारी नाही. बारवा शाबूत असत्या तर ते संकट टळले असते असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाण्याच्या जागा विसरण्याची सवय अशा संकटांना हातभार लावते, हेही नाकारता येणार नाही.

म्हणूनच रोहन काळे यांनी सुरू केलेली महाराष्ट्र बारव मोहीम या संदर्भात लक्षणीय ठरते. गावोगावच्या बारवा शोधावयाच्या, त्यांचे अक्षांश-रेखांश सर्वांना पाहता येईल अशा नकाशावर नोंदवावयाचे, मग स्थानिकांना हाताशी धरून सफाई करावयाची आणि महाशिवरात्रीला तेथे दिवे लावावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. परभणी जिल्ह्यातील वालूरची चक्राकार बारव ग्रामस्थांनी गाळ व कचरा काढून मोकळी केली, हे उदाहरण तर आपल्या शेजारचेच. हा एका परीने जिओकॅशिंगचाच मराठी अवतार आहे. फरक इतकाच, की येथे शोधावयाची वस्तू पूर्वजांनी ठेवलेली असून तिच्या मालकीची जबाबदारी आपल्यावर आली आहे.

आपल्या परिस्थितीला हाच प्रकार अधिक मानवेल. सार्वजनिक ठिकाणी बेवारस डबा दिसला तर पोलिसांना कळवा, असे आपण रेल्वे व बसस्थानकांवर रोज ऐकतो. तेव्हा डबी लपविणे म्हणजे नसती धावपळ ओढवून घेणे होय. चाकूरला तर सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे; अशा जागांच्या आसपास या खेळाचे नावही काढू नये. संरक्षित किल्ले-लेण्यांना १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यासारखे कायदे लागू असतात. तेथे भिंतीत डबी खोचणे योग्य नव्हे. खुद्द या खेळातही २००४ पासून डबीशिवाय शोध घेण्याचा एक प्रकार रूढ आहे. त्यात जागेवर काहीच ठेवीत नाहीत. तेथील खडक, भूरचना पाहून प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात.

चाकूर परिसरातील महाविद्यालयांना हे सहज करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रत्येक पथकाने सायकलच्या टप्प्यातील मोजकी ठिकाणे पत्करावीत: एखादी बारव, एखादा जुना आड, एखादे पडके शिल्प. जमीनमालकाची व ग्रामपंचायतीची संमती घ्यावी. डबीऐवजी महाविद्यालयात एक नोंदवही असावी. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, प्रत्येक ठिकाणी जाऊन पाण्याची पातळी, ढासळलेले दगड व वाढलेली झुडपे यांची नोंद करावी. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी ती वही तशीच पुढे न्यावी. सर्वच ठावठिकाणे जाहीर करण्याचीही गरज नाही. तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील दुर्मीळ झाडाचा नेमका पत्ता चव्हाट्यावर मांडणे म्हणजे ते उपटून नेण्याचे आमंत्रण देणे होय.

अशा उपक्रमाचे उद्घाटन थाटात झाले नाही तरी चालेल. पाचव्या वर्षी वहीत पाचव्या वर्षाच्या दोन्ही नोंदी असतील, तर तो यशस्वी झाला असे म्हणावे. पहिल्याच पानानंतर पाने कोरी राहिली, तर एका बारवेवर गाळ साचला तसाच आणखी एका संकल्पावर साचला, एवढेच म्हणावे लागेल.