कॅडवर नकाशा दुरुस्त करताना क्लिक कसे वाचवाल?

घराचा नकाशा एका बैठकीत कधीच ठरत नाही. प्लॉट वीस बाय तीसचा असो की तीस बाय पन्नासचा, आधी मालक बघतो, मग त्याचे अब्बा बघतात, मग घरातून निरोप येतो की स्वयंपाकघर फूटभर वाढवा. फोनवर हे एकच वाक्य असतं, पण नकाशा काढणाऱ्याची रात्र त्यात जाते. भिंत पुसा, नवी काढा, दार सरकवा, मापं पुन्हा टाका. क्लिक, क्लिक, क्लिक!

नांदेड आणि लातूरमध्ये आपल्या समाजातली अनेक मुलं-मुली आता या कामात येत आहेत. कोणी दहावीनंतर आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा कोर्स करतं, कोणी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा. मुलींना तर घरी बसून करता येणारं हे काम आहे. पैसे मात्र बहुधा नकाशामागे मिळतात, तासामागे नाही. म्हणजे दुरुस्तीत गेलेला वेळ आपल्याच खिशातून जातो. शिवाय दिवसभर माऊस दाबून मनगट दुखतं ते वेगळंच. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, नकाशा पटकन काढता येणं पुरेसं नाही. पटकन बदलता येईल असा काढता आला पाहिजे.

त्यासाठी चार सवयी लावून घ्या. आधी ऑटोकॅड बघू, कारण आपल्याकडे सुरुवात बहुतेक त्यानेच होते.

पहिली सवय: डावा हात कीबोर्डवर. दर वेळी वरच्या पट्टीवर जाऊन चित्र शोधायचं आणि परत नकाशावर यायचं, यात निम्मी दमछाक होते. रेषेसाठी एल, वर्तुळासाठी सी, सरकवायला एम, कॉपीला सीओ, समांतर रेषेला ओ, छाटायला टीआर. अक्षर दाबा, मग स्पेसबार. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी कमांडची धास्ती असते. पण इथे इंग्रजी एक-दोन अक्षरांपुरतीच आहे. तेच काम पुन्हा करायचं असेल तर नुसता स्पेसबार दाबा, मागची कमांड परत सुरू होते. एफ-8 दाबलं की रेष सरळ आडवी-उभीच जाते, एफ-3 दाबलं की कोपरे अचूक पकडले जातात.

दुसरी सवय: पुसू नका, ताणा. स्वयंपाकघर फूटभर वाढवायचं आहे ना? एस टाइप करून स्ट्रेच कमांड घ्या. उजवीकडून डावीकडे चौकट ओढून ती भिंत पकडा, एक बिंदू धरा, दिशा दाखवा आणि एका फुटाचं अंतर टाइप करा. भिंत सरकते, तिला जोडलेल्या रेषा लांबतात आणि मापं नीट जोडलेली असतील तर आकडेही आपोआप बदलतात. पुसून नव्याने काढायला वीस-पंचवीस क्लिक लागले असते, ते काम पाच-सहा क्लिकमध्ये होतं.

पण एक सावधगिरी ठेवा. त्या चौकटीत कॉलम सापडला तर तोही गुपचूप सरकतो. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट लातूरकरांना वेगळी सांगायला नको. कॉलम, बीम हलत असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, मगच नकाशा पुढे पाठवा. वेळ वाचवायचा तो अशा तपासणीसाठी.

तिसरी सवय: एकसारख्या वस्तूंचा ब्लॉक करा. समजा घराला बारा खिडक्या आहेत आणि प्रत्येक दुरुस्त करायला पाच क्लिक लागतात. झाले साठ. तीच खिडकी एकदा ब्लॉक म्हणून साठवून बारा ठिकाणी लावली असेल, तर ब्लॉक उघडून एकदाच बदला, बाराही बदलतात. तसंच भिंत, दार, मापं यांचे लेअर, अक्षरांचा आकार, कागदाची चौकट हे सगळं एकदा बसवून टेम्पलेट म्हणून ठेवा. दर नव्या नकाशाला तीच मांडणी पुन्हा कशाला करायची?

चौथी सवय फॅब्रिकेशन आणि मशीनच्या कामासाठी आहे. ग्रील, गेट, ट्रॉलीचा भाग काढायला फ्रीकॅड किंवा फ्यूजन वापरतात. तिथे स्केच नुसतं काढायचं नसतं, त्याला अटी घालायच्या असतात: ही रेष आडवी, या दोन समान, हे छिद्र बरोबर मध्यभागी. अटी पूर्ण झाल्या की फ्रीकॅडमध्ये स्केच हिरवं होतं. मापांना नाव आणि सूत्रही देता येतं. मग ग्रीलची रुंदी चार फुटांवरून पाच फूट केली की सळ्यांमधलं अंतर सूत्राप्रमाणे आपोआप जुळतं. अटी न घालता काढलेलं स्केच मात्र एक रेष ओढली की वेडंवाकडं होतं आणि प्रत्येक रेष पुन्हा जागेवर बसवत बसावं लागतं. सुरुवातीला अटी घालायला दहा मिनिटं जास्त जातात, पण पहिल्याच दुरुस्तीत ती वसूल होतात.

आता पालकांसाठी एक गोष्ट. ऑटोकॅडची विद्यार्थी आवृत्ती पात्र संस्थेत शिकणाऱ्यांना एक वर्षासाठी मोफत मिळते आणि शिक्षण सुरू असेपर्यंत तिचं नूतनीकरण होतं. ती शिकण्यासाठी आहे, तिच्यावर पैसे घेऊन काम करायची परवानगी नाही. चोरीची कॉपी तर नकोच. रोजी हलाल हवी तर अवजारही हलाल हवं. फ्रीकॅड आणि साध्या सपाट नकाशांसाठी लिब्रेकॅड ही दोन्ही मोफत आहेत, आणि त्यांच्यावर कमाईचं काम करायलाही मनाई नाही. फ्रीकॅडची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली आहे.

शेवटी मुलांना एक घरचा अभ्यास. आज एक जुना नकाशा उघडा, एक खोली फूटभर वाढवा आणि किती क्लिक लागले ते वहीत लिहा. आठवडाभर या सवयी पाळा आणि तीच दुरुस्ती पुन्हा करून बघा. आकडा खाली आलेला दिसेल, इन्शाअल्लाह. मग "फूटभर वाढवा" असा फोन आला तरी जेवणाचं ताट बाजूला सारावं लागणार नाही.