व्हिडिओतला आपला माणूस फोटोत आणा

आपल्या समाजात मंगलपरिणय, नामकरण, गृहप्रवेश आणि भीमजयंती यांचे चित्रीकरण आता घरोघरी होते. तरीही एखादे वडीलधारे माणूस गेले की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो शोधताना घरच्यांची धावपळ होते. शेवटी मतदान ओळखपत्रावरचा काळपट फोटो मोठा करून त्याला हार घालावा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या पिढीने गावोगावी धम्म रुजवला, ती आयुष्यभर राबली. स्टुडिओत जाऊन फोटो काढण्याची ऐपत तिच्यातल्या किती जणांना होती? मात्र त्यांतले अनेकजण नातवंडांच्या लग्नाच्या व्हिडिओत बसलेले दिसतात. तिथून त्यांचा चांगला फोटो काढता येतो.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक भराभर दाखवलेली स्थिर चित्रे. आपल्याकडे ती बहुधा सेकंदाला २५ किंवा ३० असतात. फुल एचडी व्हिडिओतल्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ठिपके असतात. त्यातून ६ बाय ४ इंचाचा फोटो स्वच्छ छापता येतो. फोर-के व्हिडिओत याच्या चौपट ठिपके असतात. मात्र आजी मागच्या रांगेत लहान दिसत असतील, तर त्यांच्या वाट्याला थोडेच ठिपके येतात. तो फोटो लहानच ठेवावा.

टीव्हीवर व्हिडिओ थांबवून मोबाईलने फोटो काढू नये. व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओही दाबून लहान केलेला असतो. चित्रीकरण करणाऱ्याकडून मूळ फाईल पेनड्राइव्हवर घ्यावी. कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा प्लेअर मोफत मिळतो. त्यात फाईल लावून हवी ती जागा आली की थांबवा. ‘ई’ हे बटण दाबले की व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकतो. डोळे उघडे आणि चेहरा स्पष्ट दिसला की व्हिडिओच्या मेनूतून ‘टेक स्नॅपशॉट’ निवडा. फोटो पूर्ण आकारात जतन होतो. जुन्या हँडीकॅमच्या चित्रात कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या, तर त्याच मेनूतील ‘डीइंटरलेस’ सुरू करा.

कोणती जागा निवडावी? मिरवणुकीत नाचणारा माणूस पुसट येतो, कारण एका चित्राच्या अवधीतही तो हललेला असतो. त्रिसरण-पंचशील चालू असताना सारे हात जोडून स्तब्ध असतात. वडीलधाऱ्यांचे चेहरे तिथे शोधावेत. प्रकाशही पुरेसा हवा. चेहरा आपोआप ‘सुधारणाऱ्या’ ॲपपासून मात्र जपावे. ते नसलेले तपशील मनाने भरते. आजीच्या कपाळावरचे गोंदण पुसले गेले, तर ती आपली आजी कशी राहील?

फोटो छापला की मागे पूर्ण नाव, गाव, प्रसंग आणि साल पेन्सिलीने लिहा. ज्यांना नावे ठाऊक आहेत ती माणसे हयात आहेत तोवरच हे काम होईल. येत्या रविवारी विहारातून घरी आल्यावर सर्वांनी मिळून एक जुना व्हिडिओ लावावा. आपल्या माणसांना सन्मानाने भिंतीवर जागा द्यावी, आणि जे हयात आहेत त्यांच्या हाती त्यांचा फोटो आजच ठेवावा.